असईचं नाव कोरलेलं वेलिंग्टनचं पदक: मशीन १७ कॅरेट सांगतं, खरं काय?

खेळणाकाठ (भोकरदन)

नमस्कार मंडळी. एका पदकाची शहानिशा करायची आहे. तपशील देतो.

व्हर्नियरने मोजलेला व्यास ४१ मिमी. कडेची जाडी ५ मिमी. वजन ४९.८ ग्रॅम. रंग सोन्याचा, थोडी लालसर झाक. पुढच्या बाजूला डावीकडे पाहणारा, डोक्यावर काही नसलेला चेहरा आणि भोवती इंग्रजी अक्षरांत 'आर्थर ड्यूक ऑफ वेलिंग्टन', म्हणजे १८०३ ची असईची लढाई जिंकणारा इंग्रज सेनापती. मागच्या बाजूला पानांच्या चक्रात लढायांची नावं आहेत, सगळ्यात वर असई, सगळ्यात खाली वॉटर्लू. त्याखाली १७६९ आणि १८५२. मान जिथे कापलीय तिथे बारीक अक्षरं आहेत, पण झिजलेली, वाचता येत नाहीत. डोक्याच्या बरोबर वर कडेवर झाळल्याची खूण आहे. कधीतरी कडी लावून पुन्हा काढलेली दिसते. बाकी कड गुळगुळीत, ना नाव ना शिक्का.

जालन्याच्या सराफ्यात कॅरेट मशीनवर ठेवलं तर सोनं ७१.२, तांबं २६.९, चांदी १.९ टक्के असं आलं. म्हणजे १७ कॅरेट, जवळपास पाच तोळे. कसोटीवर घासून, तेजाब लावून पक्कं करू आणि उजाळा देऊ, असं सुचवण्यात आलं. अजून काही करू दिलेलं नाही.

विचारायचं ते असं: हे सोनंच आहे का? असईत लढलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला मिळालेलं पदक असू शकतं का? घरात ठेवायचं तर कायद्याची काही अडचण? विकण्याचा विचार नाही.

तोळामासा

घासू देऊ नका, तेजाब लावू देऊ नका आणि उजाळा तर अजिबात नको. या तीनपैकी कुठलीही गोष्ट परत फिरवता येत नाही. कसोटीवर घासायचं म्हणजे कडेचा किंवा उठावाचा कण जाणारच. उजाळा दिला की छापाच्या वेळी धातू सरकून पडलेल्या बारीक रेषा पुसल्या जातात, आणि पदक अस्सल की नक्कल हे सांगणारा निम्मा पुरावा त्या रेषांतच असतो.

आता वजनाचं बघा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच बरंच कळतं. व्यास ४१ मिमी म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १३.२ चौरस सेंमी. कड ५ मिमी असली तरी आतला सपाट भाग त्याहून पातळ असतो आणि चेहऱ्याचा उठाव त्यात थोडी भर घालतो, म्हणून सरासरी जाडी ४ ते ४.५ मिमी धरा. घनफळ आलं ५.३ ते ५.९ घन सेंमी. आता त्याला धातूच्या घनतेने गुणा.

२२ कॅरेट सोन्याची घनता साडेसतरा ते अठरा असते, भेसळीत तांबं जास्त की चांदी त्यावर ती ठरते. म्हणजे या आकाराचं पदक २२ कॅरेटचं असतं तर कमीत कमी ९३ ग्रॅम भरायला हवं होतं. १७ कॅरेटला घनता साधारण १५ धरली तरी ७९ ग्रॅमच्या खाली येत नाही. चांदीवर मुलामा असता तर ५४ ते ६१. कांस्य किंवा तांबं असेल तर ४६ ते ५३.

तुमचं ४९.८. समजलं असेलच.

तरी हा अंदाज आहे, जाडी डोळ्याने धरलेली आहे. पाण्यातलं वजन घ्या म्हणजे शंकेला जागाच राहणार नाही. पद्धत सोपी आहे, पण चुका तिथेच होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. ०.१ ग्रॅमचा काटा चालेल, पण तुमच्या पदकाला त्यात दोन टक्क्यांपर्यंत चूक येईल. सोनं की कांस्य हे सहज कळेल, कॅरेटमधला बारीक फरक कळणार नाही. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा प्लास्टिकचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पदकाला बारीक नायलॉनचा दोरा बांधा, मासेमारीचा चालतो. सुती दोरा पाणी पितो म्हणून नको. दोरा वर एखाद्या आडव्या पट्टीला बांधून पदक पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि बाजूला टेकू देऊ नका. हातात धरून करू नका, हात हलतो. काट्यावर जो आकडा दिसेल तो पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचा भार आहे, आणि पाण्याच्या बाबतीत तोच घन सेंमीतलं घनफळ मानायला हरकत नाही. कोरडं वजन भागिले हा आकडा, आली घनता.

चुकतं कुठे? एक, अक्षरांच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. घनफळ जास्त दिसतं आणि खरं सोनंही हलकं ठरतं. बुडवण्याआधी पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाका आणि बुडाल्यावर मऊ कुंचल्याने बुडबुडे हलवून काढा. दोन, पदक तळाला टेकतं. मग पाण्यातला आकडा एकदम उडी मारतो, ते लगेच लक्षात येतं. तीन, काच बसवलेलं किंवा पोकळ पदक असेल तर पाणी आत शिरतं. तुमच्या पदकाला काच नाही, पण कडेला गोल फिरलेली सांधरेषा दिसते का ते आधी दहापट भिंगाने पाहा. दिसली तर पाण्यात घालू नका.

नंतर सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका.

सराफकट्टा

वजनाचं गणित पटतंय, पण मशीन ७१ टक्के दाखवतंय ते काय खोटं? रोज त्याच मशीनवर लोकांचं सोनं मोडीत घेतलं जातं. तिथे तर असा फरक पडत नाही.

तोळामासा

मशीन खोटं बोलत नाही, पण ते फक्त वरचा थर पाहतं. क्ष-किरण सोन्यात फार खोल जाऊन परत येत नाहीत, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच. बांगडी आतून-बाहेरून एकाच भेसळीची असते म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं. वर सोन्याचा थर आणि खाली तांबं असेल तर मशीन दोन्हींची खिचडी करून आकडा दाखवतं, आणि थर जेवढा जाड तेवढा कॅरेट वाढत जातो. १७ कॅरेट हा आकडाच मुळात खटकायला हवा होता. इंग्लंडमध्ये १७९८ पर्यंत २२ कॅरेट हाच दर्जा होता, त्या वर्षी १८ कॅरेटला परवानगी मिळाली आणि १८५४ मध्ये १५, १२ आणि ९ कॅरेटला. १७ हा दर्जा कधी नव्हताच.

खेळणाकाठ दादा, पुन्हा सराफ्यात जाणार असाल तर दोन गोष्टी करून घ्या. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजायला सांगा: कानाचा किंवा गालाचा सगळ्यात उंच भाग, अक्षरांमधला सपाट भाग आणि कड. अखंड धातू असेल तर तिन्हीकडे जवळपास एकच आकडा येईल. मुलामा असेल तर झिजलेल्या उंच भागावर सोनं एकदम घसरेल. दुसरं म्हणजे, दागिन्यांसाठी लावलेली मांडणी बऱ्याचदा सोनं, चांदी, तांबं, जस्त एवढंच मोजते आणि त्यांचीच बेरीज १०० करून दाखवते. सगळी मूलद्रव्यं दाखवायला सांगा. पारा आणि कथील मुद्दाम पाहा.

छावणी_ते_सराफा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. असईच्या लढाईचं लष्करी पदक हे नव्हे.

मराठीत आपण सगळ्यालाच पदक म्हणतो, त्यामुळे हा घोळ होतो. सैनिकाला नेमणूक, लढाई किंवा शौर्य यासाठी सरकार देतं ते एक. एखाद्या माणसाच्या किंवा घटनेच्या आठवणीसाठी टाकसाळ किंवा खाजगी कारखाना ठशावर छापतो आणि लोक विकत घेतात ते दुसरं, स्मृतिपदक. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. त्यावर नाव वेलिंग्टनचं आहे, घेणाऱ्याचं नाही.

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, तुमच्याच जालना जिल्ह्यात, खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत झाली. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमान हा युरोपीय अधिकारी. आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन, तेव्हा नुसता मेजर जनरल होता. त्याच महिन्याच्या २ तारखेला इंग्रज कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतलेला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. मराठ्यांच्या ९८ तोफा हातच्या गेल्या, पण आपल्या गोलंदाजांनी तोफांजवळच जीव दिला, हे खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवलंय.

या लढाईसाठी सैनिकांना पदक मिळालं ते थेट १८५१ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी, आणि तेही हयात असलेल्यांनाच. ते 'आर्मी ऑफ इंडिया' पदक चांदीचं. पुढे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, मागे ताडाच्या झाडाशेजारी बसलेली विजयदेवता आणि खाली १७९९-१८२६. वर रिबनवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. अशा एकूण २१ पट्ट्या होत्या, त्यांत खडकी, सीताबर्डी, कोरेगाव, महिदपूर वगैरे. असईच्या पट्टीवर स्पेलिंग 'ए एस एस वाय ई' असं आहे, आज नकाशावर असतं तसं नाही. कडेवर शिपायाचं किंवा अधिकाऱ्याचं नाव. तुमच्या पदकात यातलं काहीच नाही.

अधिकाऱ्यांना सोन्याची पदकं त्या काळात मिळत होती हे खरं आहे. वरच्या सेनापतींना ५४ मिमीचं, त्याखालच्यांना ३३ मिमीचं, दोन्ही बाजूंनी काच लावलेलं आणि कडेवर नाव कोरलेलं. पण त्या मालिकेची सुरुवात १८०६ च्या इटलीतल्या मैदाच्या लढाईपासून होते. असई, अडगाव, गाविलगड त्यात येत नाहीत. त्यामुळे कुणी 'असईचं सोन्याचं अधिकारी पदक' म्हणून काही दाखवलं तर दोन पावलं मागे सरा.

असईची खूण म्हणून मिळालेली गोष्ट वेगळीच होती: १९ वी लाइट ड्रॅगून्स, ७४ वी आणि ७८ वी या पलटणींना कंपनीने मानाची निशाणं दिली आणि हत्तीचं चिन्ह. हत्ती आणि असई असं एकत्र दिसलं तर ते पलटणीचं चिन्ह असण्याची शक्यता आधी पाहायची.

आणि काळाचं म्हणाल तर तुमच्या पदकावर '१८५२' आहेच. वेलिंग्टन १४ सप्टेंबर १८५२ ला गेला, १८ नोव्हेंबरला लंडनला अंत्ययात्रा निघाली. मृत्यूचं साल कोरलेलं पदक त्याआधीचं असू शकत नाही. साल नसतं तरी पदवीवरून अंदाज लागला असता: १८०४ पासून सर आर्थर, १८०९ पासून व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्वेस, १८१४ पासून ड्यूक. 'ड्यूक' लिहिलेलं पदक १८०३ च्या आसपास कुणाच्या छातीवर लागलेलं असणं शक्यच नाही.

खेळणाकाठ (भोकरदन)

सगळ्यांचे आभार. आज दोन्ही मोजमापं झाली.

कडेला सांधरेषा नाही, भिंगाने सगळीकडे पाहिलं. मग पाण्यातलं वजन तीनदा घेतलं: ५.६९, ५.६८, ५.६८. कोरडं ४९.८२. घनता ८.७७.

मशीनवर सगळी मूलद्रव्यं लावून. सपाट भाग: सोनं ६९.१, तांबं २५.६, पारा ३.२, चांदी १.३, कथील ०.८. कड: सोनं ६१, तांबं ३३, बाकी तेच. कानावर: सोनं ३८, तांबं ५८, पारा १.९, कथील २.१. नाकाच्या शेंड्यावर भिंगातून लालसर तपकिरी ठिपका दिसतो.

झाळलेल्या जागी शिसं आणि कथील बरंच दाखवलं.

तोळामासा

आता प्रश्न मिटला. ८.७७ म्हणजे कांस्य किंवा बरंचसं तांबं असलेला धातू. त्या काळात पदकाचं 'ब्राँझ' म्हणून विकलं जाणारं पुष्कळदा जवळपास शुद्ध तांबंच असायचं, वर तपकिरी रंग चढवलेलं. तुमच्यात कथील आहे म्हणून मी कांस्य म्हणेन. पितळेची घनताही याच्या जवळ येते, पण तिथे जस्त दिसलं असतं.

पारा मिळाला ही गोष्ट मात्र मोठी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. विजेच्या मुलाम्यात पारा असत नाही. पाऱ्यात सोनं विरघळवून त्याचं लोणी पदकाला लावायचं, तापवायचं, पारा उडून जातो आणि सोनं चिकटून राहतं. ही जुनी पद्धत. उडताना थोडा पारा थरात अडकतो, तो आज मशीनला दिसला. विजेचा मुलामा १८४० च्या दशकापासून बाजारात आला आणि हळूहळू त्याने पाऱ्याचा मुलामा मागे टाकला, कारण पाऱ्याची वाफ कारागिरांचा जीव घेत होती. म्हणजे तुमच्या पदकावरचं सोनं कालपरवा कुणी फसवायला चढवलेलं नाही. ते जुन्या हाताचं काम आहे. त्यातला जाड थर म्हणूनच मशीनने सपाट भागावर १७ कॅरेटपर्यंत मजल मारली.

सोनेरी मुलामा म्हणजे फसवणूक असं आपल्याकडे लोक चटकन समजतात. तसं नाही. खुद्द वेलस्लीला त्याच्या दख्खनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी दिलेली, 'डेक्कन सर्व्हिस' म्हणून ओळखली जाणारी भांडी चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेलीच आहेत आणि आजही लंडनला त्याच्या ॲप्सली हाउस या घरात आहेत.

नाणेवेडा_परभणी

मग खऱ्या सोन्याचं पदक असतं तर ते कसं ओळखायचं? आणि ते इतकं दुर्मिळ का? अशा पदकांची यादी पाहिली तर कांस्याची शेकड्याने दिसतात आणि सोन्याचं जवळपास नाहीच.

छावणी_ते_सराफा

दुर्मिळ असायचं कारण मुळातच आहे. एकाच ठशावरून तीन-चार धातूंत छाप निघायची. सामान्य माणूस कथिलाच्या पांढऱ्या धातूतलं किंवा कांस्यातलं घ्यायचा, सधन माणूस चांदीतलं. सोन्यातलं हे राजघराण्याला, एखाद्या उमरावाला किंवा स्वतः त्या सेनापतीला नजर करायला, मागणीप्रमाणे, हातावर मोजण्याइतकं. वर हिशेब केला तसं ४१ मिमीचं सोन्याचं पदक म्हणजे ९३ ग्रॅमच्या वर, जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने आठ तोळे. ते कपाटात ठेवायला घेणारे थोडेच.

आणि जे होतं त्यातलं बरंच मुशीत गेलं. पडत्या काळात घरातलं पहिलं मोडीत जातं ते ज्याला गळ्यात घालता येत नाही ते. आपल्याकडे त्यात १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याची भर पडली. दागिना नसलेलं सोनं जवळ असणं डोक्याला ताप होतं. कायदा रद्द झाला १९९० मध्ये. तोपर्यंत कित्येक पदकं, मोहरा, पुतळ्या आटवून पाटल्या झाल्या असतील. म्हणून ज्याच्या घरी अजून असं काही आहे त्याने ते सराफाकडे नेण्याआधी एकदा फोटो काढून ठेवावा, एवढी कळकळीची विनंती.

ओळखायचं कसं? घनता पहिली, ती १७.५ च्या आसपास आलीच पाहिजे. टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याच्या अगदी जवळची, म्हणून बिस्किटांत ती भेसळ होते. पण टंगस्टन ठशावर छापता येत नाही, गाभा भरून वर सोनं चढवावं लागतं, आणि मग अक्षरं ओतीव, मऊ दिसतात. म्हणून घनतेनंतर छाप पाहायची. ठशावर छापलेल्या पदकात अक्षराची भिंत सरळ उभी असते, पाया आणि अक्षर यांचा कोपरा धारदार. कडेकडे धातू सरकल्याच्या अगदी बारीक रेषा दिसतात. ओतीव नकलेत अक्षरांचे खांदे गोलावलेले, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, आणि कडेवर कानस मारल्याच्या आडव्या रेषा. शिवाय ओतताना धातू आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ पदकापेक्षा एक-दोन टक्क्यांनी लहान भरते. ४१ मिमीत तो फरक अर्ध्या मिमीच्या आसपास, व्हर्नियरला सहज कळतो. म्हणून खात्रीच्या प्रतीचा नेमका व्यास माहीत असणं फार उपयोगाचं.

तिसरा प्रकार विजेने केलेली नक्कल. दोन बाजूंचे पातळ पत्रे वेगवेगळे तयार करून आत शिसं भरायचं आणि कडेला जोडायचं. त्यात बारकावे हुबेहूब उतरतात, चेहऱ्यावरून ओळखूच येत नाही. पकडायची ती कडेवरच्या सांधरेषेवरून, आणि घनतेवरून: ती दहा-अकराच्या घरात येते. इथे एक खड्डा आहे, चांदीवर मुलामा दिलेलंही १०.३ च्या आसपासच येतं. त्यामुळे १० ते ११ मध्ये आकडा आला की घाईने 'चांदी' म्हणायचं नाही, कड पाहायची.

सोनं मऊ असल्याने खऱ्या सोन्याच्या पदकाच्या कडेला टेबलावरून पडल्याच्या छोट्या चेपा जवळजवळ असतातच. त्या चेपेच्या तळाशीही तोच पिवळा रंग दिसला पाहिजे. तिथे लाल किंवा करडं दिसलं की खेळ संपला. आणि हिरवा डाग दिसला तर खाली तांबं असल्याची शंका घ्यायची.

नाणेवेडा_परभणी

मानेखालच्या अक्षरांचा काय उपयोग होतो?

छावणी_ते_सराफा

ती ठसा कोरणाऱ्याची सही. ती वाचता आली तर काळ बराच आवळता येतो. उदाहरणच द्यायचं तर ठसे कोरणारा विल्यम वायन १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचा पूर्ण सदस्य झाला. त्याच्या नावापुढे 'आर. ए.' असेल तर तो ठसा १८३८ किंवा नंतरचा. आणि तो ऑक्टोबर १८५१ मध्ये वारला. म्हणजे वेलिंग्टनच्या मृत्यूचं साल असलेल्या पदकावर त्याची सही दिसली तर चेहऱ्याचा ठसा जुना आणि मागचा नवीन, असं समजायचं.

पिस्त्रुची या दुसऱ्या ठसेकाराचं नाव फार घेतलं जातं. त्याच्या वॉटर्लू पदकाचं काम १८१९ मध्ये सुरू झालं आणि १८४९ मध्ये संपलं, तीस वर्षं. व्यास १३० मिमीच्या वर. ठसे इतके मोठे झाले की पोलाद कडक करताना तडकतील या भीतीने ते कडक केलेच नाहीत, आणि पदक त्या काळी छापलंच गेलं नाही. म्हणून कुणी 'पिस्त्रुचीचं अस्सल, त्या काळचं सोन्याचं वॉटर्लू पदक' म्हणालं तर तिथेच नमस्कार करायचा. २० व्या शतकात लहान आकाराच्या प्रती निघाल्या, त्या प्रती म्हणूनच घ्यायच्या.

फ्रेंच बाजूच्या सेनापतींची पदकं हाती आली तर कड वाचा. पॅरिसच्या टाकसाळीने १८३२ पासून कडेवर चिन्ह उमटवलं आहे: १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी, १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. शेजारी धातूचं नाव असतं, सोन्याला फ्रेंचमध्ये 'ऑर'. नेपोलियनचा मुखवटा, खाली १८०५ आणि कडेवर शिंग असेल तर ठसा जुना असेल, छाप मात्र १८८० नंतरची. दिसायला हुबेहूब, पण संग्राहकाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक.

कागदपत्र_बीड

कायद्याचं थोडक्यात. हे पदक १०० वर्षांहून जुनं, त्यामुळे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात ते 'पुरावस्तू'त मोडतं. सोनं असो की कांस्य, फरक पडत नाही. घरात ठेवायला काही अडचण नाही. भारताबाहेर पाठवायला बंदी आहे. परदेशी लिलावाला कुरिअर करणं हीसुद्धा निर्यातच. देशात पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो, म्हणून पुढे कधी द्यायचं झालं तर परवानाधारकालाच द्या आणि पावती घ्या. शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आहे, तिथे विचारता येतं.

एक वेगळी बाब, असईच्या शिवारात नांगरताना किंवा विहीर खोदताना काही सापडलं तर ते घरच्या वस्तूसारखं नाही. तिथे निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. कुठे, किती खोलवर, कशासोबत सापडलं हे लिहून ठेवा. इतिहासाच्या दृष्टीने वस्तूपेक्षा ती नोंद मोलाची ठरते. धातुशोधक घेऊन त्या माळावर फिरणाऱ्यांना गावकऱ्यांनी हटकलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळा उचलला की तो कुठल्या तोफेच्या रांगेतला होता हे कायमचं हरवतं.

खेळणाकाठ (भोकरदन)

समजलं. सोनं नाही याचं वाईट वाटत नाही. पानांच्या चक्रात, अक्षरांच्या मध्ये दोन हिरवट ठिपके आहेत, खसखशीएवढे. ते वाढतील का? घरात चिंच-रिठ्याने धुवायचा आग्रह चाललाय.

तोळामासा

चिंच नको. लिंबू, राख, टूथपेस्ट काहीच नको. पाऱ्याच्या मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. आंबट पदार्थ त्यातून आत जाऊन खालचं तांबं खातो आणि वरचं सोनं पापुद्र्यासारखं सुटतं. एकदा सुटलं की परत बसत नाही. नवीन मुलामा देणं म्हणजे जुना पुरावा झाकून टाकणं.

भिंगाखाली ठिपका बघा. गडद हिरवा, कडक, चिकटून बसलेला असेल तर तो स्थिर आहे, त्याला हात लावू नका. फिकट, पोपटी, भुकटीसारखा असेल आणि काडीने स्पर्श करताच सुटत असेल तर तो वाढणारा आहे. तो काढायचा तर दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठिपक्यापुरतंच अलगद फिरवा. सुई, पिन, ब्लेड नको, सोन्यावर ओरखडा पडेल. मग पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने टिपून, शेवटी प्रयोगशाळेच्या दुकानात मिळणाऱ्या शुद्ध ॲसिटोनचा एक बुडवा म्हणजे उरलेलं पाणी निघून जाईल. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. ॲसिटोन भडकतं, तेव्हा गॅसजवळ नको, खिडकी उघडी ठेवा.

झाळलेल्या जागेवरचं शिसं-कथील काढायच्या नादी लागू नका. तापवलं की मुलामा काळा पडेल, शिवाय अडकलेला पारा वाफ होऊन बाहेर येईल, ते घरात होऊ द्यायचं नाही.

ठेवायला मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यांतून सुटणारं आम्ल हिरवेपणा वाढवतं. आम्लविरहित कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडीच असते. जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा पुडी बघा, दाण्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. हाताळताना दोन बोटांनी कडेनेच धरा.

आणि ते ठिपके काढायच्या आधी कडेचे चार फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, शेजारी मिमीची पट्टी ठेवून. वरची झाळलेली जागा एका फोटोत पूर्ण दिसली पाहिजे. मानेखालच्या अक्षरांवर टॉर्च अगदी आडवा धरा; सरळ उजेडात झिजलेलं दिसणारं अक्षर आडव्या सावलीत पुष्कळदा वाचता येतं. तो फोटो इथे टाका, ठसा कुणाचा ते शोधू.